कुर्लीबाई आणि मिटलेल्या तिसऱ्या

सोमवारी सकाळी कुर्लीबाई वर्गात शिरल्या की नववीची पोरं त्यांच्या तोंडाकडे बघत नसत, उजव्या मुठीकडे बघत. आदल्या दिवशी बाईंच्या घरी कुर्ल्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, कालवण झालेलं असलं तर त्या मुठीत एक नांगी असे. शिजून लाल झालेली, आतलं मांस अलगद काढून घेतलेली, आणि मागून एक पांढरी चपटी पट्टी बाहेर डोकावणारी. ती पट्टी ओढली की नांगी कट्‌कन मिटायची. शेवटच्या बाकावर कोणी पेंगत असेल तर बाई शिकवता शिकवता, वाक्य न तोडता मागे जात, त्याच्या कानाची पाळी नांगीत धरत आणि पट्टी ओढत. पोरगा दचकून उभा राही. बाई वळूनही न बघता म्हणत, "शाण्याला शब्दाचा मार. तुला कुर्लीचा." आणि पुढचं वाक्य सुरू.

मी त्या शाळेत मराठी शिकवायची आणि कॅसलरॉक स्टेशनमागच्या दोन खोल्यांत बाईंबरोबर राहायची. मी रामनगरच्या दुकानदाराची मुलगी. आमच्या घरात अंडंसुद्धा पिशवीत पिशवी घालून येई. बाई गुंदच्या, रानात भात पिकवणाऱ्या घरातल्या, आणि तिथल्या पोरांना चालायला यायच्या आधी कुर्ल्या धरायला येतात असं त्या सांगत. पहिल्याच दिवशी त्यांनी चुलीजवळ झाकलेली बांबूची बुट्टी माझ्यापुढे ओढली आणि म्हणाल्या, "ए मराठी, जरा बघ गं, भाजी निवडायची हाय." मी झाकण काढलं आणि खोलीबाहेर जाऊन उभी राहिले. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही, मी शेवटपर्यंत 'मराठी'च होते. पुढे कालवणाची वाटी मी आपणहून पुढे करू लागले, तेव्हा मात्र त्यांनी एका शब्दाने चिडवलं नाही. नुसतं वाढलं.

विज्ञान शिकवणारी माणसं पुष्कळ पाहिली, पण बिनहाडाच्या प्राण्यांवर असा जीव लावणारं दुसरं कोणी पाहिलं नाही. पुस्तकात संयोजी ऊतींचा धडा होता. त्यात हाडाला हाड बांधणारे बंध, स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, सगळं माणसाचं. बाईंना ते फार लागे. "मानसाचं कवतिक मानसानंच लिवलंय," असं म्हणून त्या पुस्तक मिटत आणि नांगी काढत. "ही पट्टी बघा. कुर्लीला हाडं न्हाईत, मग स्नायू कुठं बांधायचा? तर तिचं कवचच आत वळून पट्टी होतं, आनि त्याला स्नायू धरतो. आपुन हाडावर मांस लावतो, ही आतनं लावती." एकदा त्यांनी मला अडवून विचारलं की अस्थीच नाहीत तर अस्थिबंध कसा म्हणायचा, तू मराठीची ना, दे एखादा शब्द. मी आठवडाभर डोकं खाजवलं. शेवटी 'बिजागरीचा बंध' असं काहीतरी सुचवलं. "सुतारानं बी हेच सांगितलं असतं," त्या म्हणाल्या, पण शब्द ठेवून घेतला.

तो शब्द लागला शिंपल्यांसाठी. शिंपल्याच्या धड्याने आमच्या शाळेची दारं बिघडली ती अशी. बाईंनी वर्गाच्या दाराच्या फटीत, बिजागरीच्या बाजूला, एक खोडरबर ठेवलं आणि पोरांना दार लोटायला लावलं. जोर लावला की दार मिटे, हात काढला की आपोआप उघडे. "शिंपल्याचं असंच असतं," बाई म्हणाल्या. "दार मिटायला त्याला दोन स्नायू असतात. उघडायला एकसुद्धा न्हाई. बिजागरीत एक चिवट बंध असतो, तो सारखा दार उघडाय बघतो. मिटून बसायला जोर लागतो. उघडायला नुसतं सोडायचं." पोरांनी हे ज्ञान इतकं मनावर घेतलं की मधल्या सुट्टीत शाळेतल्या एकूणएक दारांत खोडरबरं गेली. त्यात हेडमास्तरांच्या खोलीचंही दार होतं. जेवणानंतर घटकाभर दार लावून चिंतन करायची त्यांची सवय होती, आणि चिंतनाचा घोरण्यासारखा आवाज व्हरांड्यापर्यंत येई. त्या दुपारी दार काही केल्या मिटेना, त्यामुळे त्यांना जागं राहावं लागलं.

हेडमास्तरांवर बाईंचा विशेष लोभ होता. समुद्राच्या तळाशी एक काकडीसारखा प्राणी असतो, त्याला कोणी हात लावला की अंगातल्या बंधांचं असं काही होतं की तो लाकडासारखा ताठ होतो, आणि मनात आलं की पेजेसारखा सैल पडून कुठल्याही फटीतून निसटतो. हा प्राणी बाईंनी पुस्तकातच पाहिलेला. तरी दर वर्षी त्या शिकवत: "आपल्यासमोर ताठ. तपासणीचे सायेब आले की पातळ. आता मी नाव घेत न्हाई." वर्ग फुटायचा. तपासणीला साहेब आले ते नेमके पावसात, आणि बाईंनी त्या दिवशी जळू घेतली होती. जळवा आमच्याकडे काय, बूट काढला की असतातच. एक जळू फूटपट्टीवर ठेवून ती किती ताणते हे पोरं मोजत होती. बाई सांगत होत्या की तिच्या कातडीत बारीक धागे तिरपे, एकमेकांवर विणलेले असतात, बुट्टीच्या पात्यांसारखे, म्हणून ती लांब होते पण तुटत नाही. साहेब कौतुकाने पुढे वाकले. जळवेला फूटपट्टीपेक्षा साहेबांचं मनगट बरं वाटलं. शेरा मात्र चांगला मिळाला. साहेबांना लवकर निघायचं होतं.

आता बुट्टीबद्दल सांगते, कारण बाईंचं सगळं त्या बुट्टीत होतं.

दर शनिवारी गुंदहून एक बुट्टी यायची. गुंदहून जोयडा, जोयड्याहून रामनगर, रामनगरहून कॅसलरॉक, असा गाड्या बदलत कंडक्टरांच्या हातांतून प्रवास करून कुर्ल्या ओल्या पानांखाली थंड बसलेल्या असत. बाजारात कुर्ल्या मिळतात त्यांच्या नांग्या चावू नयेत म्हणून मोडलेल्या असतात. या बुट्टीतल्या मात्र अखंड असायच्या, आणि प्रत्येक कुर्ली केळीच्या खोडाच्या सोपटाने बांधलेली, एक टोक ओढलं की सर्रकन सुटणाऱ्या गाठीने. मी विचारलं, "कोण पाठवतं?" बाई म्हणाल्या, "येतात." मी म्हटलं, "कुर्ल्या स्वतः तिकीट काढतात?" तेव्हा कुठे कळलं की गुंदात त्यांचा थोरला भाऊ आहे, त्याला अण्णा म्हणतात, तोच पाठवतो, आणि दोघांचं बोलणं नाही.

झालं होतं असं की बाई कॉलेजात शिकत असताना अण्णांनी त्यांना न विचारता दिग्गीच्या एका घरात त्यांच्या लग्नाचा शब्द दिला. बाईंनी लग्न नाकारलं आणि बी.एड.ला निघून गेल्या. अण्णांना दिग्गीला जाऊन, मान खाली घालून शब्द परत घ्यावा लागला. परत आले ते म्हणाले, "आजपासनं माजं तोंड तुला बंद." बाई म्हणाल्या, "माजं बी." आणि दोघं एकाच आईची असल्यामुळे दोघांनीही शब्द पाळला. आई-वडिलांच्या पश्चात तर मध्ये बोलायलाही कोणी राहिलं नाही. कोणी म्हटलं की सोडा आता, तर बाई म्हणत, "तो बोलू दे आधी." अण्णाही तिकडे तेच म्हणत असणार. असं हे अळीमिळी गुपचिळी चाललं होतं, आणि दर शनिवारी कुर्ल्या येत होत्या.

एकदा कुर्ल्या साफ करता करता बाई म्हणाल्या, "कुर्लीचा पाय अडकला की ती तो पाय टाकून पळते, ठावं हाय तुला? तुटायची जागा आधीच ठरलेली असती. रगात बी फारसं जात न्हाई. म्या बी एक पाय गुंदात टाकून आले." मी विचारलं, "मग परत फुटतो ना?" "फुटतो की," बाई म्हणाल्या, "पण पयल्यापेक्षा ल्हान." एवढं बोलून त्यांनी माझ्या ताटात मोठी कुर्ली टाकली आणि विषय बदलला. मला त्या वेळी त्यांचा राग आला होता, दोघांचाही. घरात असा भाऊ असता तर मी एका दिवसात तंटा मिटवला असता असं वाटे. मला भाऊ नाही, त्यामुळे असं वाटणं सोपं होतं.

आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. साखरेची वाटी मागून आणली तरी परत देताना तिच्यात चिमूटभर काहीतरी घालतात. बाई भावाशी बोलणार नव्हत्या, पण रीत मोडणार नव्हत्या. म्हणून बुट्टी परत जाताना तिच्यात काहीतरी जायचं. गोव्याकडच्या गाडीने मासेवाली यायची, तिच्याकडची सुकी मासळी, कधी कोकमाची सोलं, कधी वैनीसाठी बांगड्या. तिकडून रान यायचं, इकडून समुद्र जायचा, आणि मधे एक शब्द नाही. कंडक्टर लोकांना हे सगळं माहीत होतं. एकाने मला विचारलं होतं, "ह्यास्नी फोन न्हाई का?" फोन होता. बाईंच्या फोनमध्ये अण्णांचा नंबरसुद्धा होता. तो 'कुर्ली' या नावाने ठेवलेला होता.

दिवाळीनंतर एकदा मासेवालीकडे तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले, आल्या. टपोऱ्या, रेघारेघांच्या, घट्ट मिटलेल्या. बाईंना एकदम लहर आली. "अण्णानं ह्या जल्मात बघितल्या नसतील," त्या म्हणाल्या. "धाडू या. जरा कोडं पडू दे." मी म्हटलं, "बाई, एक चिठ्ठी टाका, कशा निवडायच्या, कशा शिजवायच्या." बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना शरण जायला सांगत होते. "चिठ्ठी म्हंजे बोलनंच की." ओलं गोणपाट घालून तिसऱ्या निघाल्या. बुट्टी बसच्या टपावर चढली तेव्हा बाई लहान पोरीसारख्या हसत होत्या.

पुढच्या शनिवारी बुट्टी आली नाही. बाई म्हणाल्या, गाडी चुकली असेल. त्याच्या पुढच्या शनिवारीही आली नाही. सोमवारी बाई रिकाम्या मुठीने वर्गात गेल्या आणि मागच्या बाकावरची पोरं बिनधास्त झोपली. शिकवणं तेच होतं, पण मधे चव नव्हती. शनिवार दुपार झाली की बाई काहीतरी आणायचं निमित्त काढून बसथांब्याकडे जात, आणि परत आल्या की उगाच भांडी घासत. "त्यानं मिटलं वाटतं कायमचं," त्या एकदा म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच मस्करीचा नव्हता.

मग एका संध्याकाळी मला फोन आला. पलीकडे वारा आणि बाईमाणूस. "मी गुंदातनं, पारूवन्संची वैनी. टेकाडावर चडून बोलायलेय, रेंज हितंच हाय. वन्संना सांगू नका." पारू म्हणजे आमच्या बाई. वैनींनी जे सांगितलं ते असं. बुट्टी पोचेपर्यंत निम्म्या तिसऱ्यांची तोंडं उघडली होती. अण्णांनी बराच वेळ त्यांच्याकडे बघून विचार केला. रानातली गोगलगाय जिवंत असली की बाहेर येते, आत मिटून बसली की तिचा भरवसा नाही, हे गुंदात सगळ्यांना माहीत. तेव्हा उघड्या त्या जिवंत आणि मिटलेल्या त्या मेलेल्या, असा न्याय अण्णांनी केला. मिटलेल्या सगळ्या व्हाळात, म्हणजे गावच्या ओढ्यात, फेकल्या आणि उघड्यांचं कालवण केलं. पुढचे दिवस घरादाराने कसे काढले ते वैनींनी तपशिलात सांगितलं, मी इथे सांगत नाही.

मला हसू आवरेना. पण वैनी हसत नव्हत्या. "ते काय म्हनत्यात ठावं हाय का, बाई? म्हनत्यात, तिनं मेलेलं धाडलं. म्हंजे आमी तिला मेलो. कळलं मला, म्हनत्यात. आनि शनवारी व्हाळावर जात्यात, कुर्ल्या धरत्यात, बांदत्यात, बुट्टीत घालत्यात. मग परत सोडून देत्यात." वाऱ्याचा आवाज वाढला आणि फोन बंद झाला.

मी सांगू नये म्हणून वैनींनी सांगितलं होतं, तेव्हा अर्थातच मी लगेच सांगितलं. बाई पहिल्यांदा इतक्या हसल्या की चुलीपाशी बसकण मारली. "उघडी शिजवली! अरे देवा, उघडी शिजवली!" डोळ्यांतून पाणी आलं तरी हसत होत्या. मग मी पुढचं सांगितलं, धरून बांधून परत सोडलेल्या कुर्ल्यांचं. हसणं थांबलं. पाणी थांबलं नाही. बऱ्याच वेळाने पदराने तोंड पुसून त्या म्हणाल्या, "मासेवाली उद्या येती न्हवं?"

असं आम्ही दोघी तिसऱ्यांचं ओलं पोतं घेऊन गुंदला गेलो. वाटभर बाई पोत्यावर पाणी शिंपडत होत्या. जोयड्याला गाडी बदलताना म्हणाल्या, "बोलनार न्हाई हं मी. फकस्त दाखवनार." मी म्हटलं, बरं.

अण्णा खळ्यावर पेंढ्या बांधत होते. किडकिडीत, पांढऱ्या मिशांचा माणूस. बहिणीला बघताच त्यांनी पाठ केली आणि पाठीनेच पेंढ्या बांधू लागले. पेंढी आवळून गाठ मारायची ती त्यांची बोटं बघत राहावीत अशी. वैनींनी पाण्याचा तांब्या आणला. बाई खळ्याच्या कडेला बसल्या आणि वैनींना म्हणाल्या, "वैनी, तुज्या मालकाला सांग, म्या मेलेलं धाडलं न्हवतं."

वैनी दोघांच्या मधोमध उभ्या. अंतर पाच हातांचं. "आयकलं न्हवं?" त्या अण्णांच्या पाठीला म्हणाल्या.

"तिला म्हन," पाठ म्हणाली, "घरदार परसाकडं पळत हुतं. ते जित्त्या जनावरानं व्हत न्हाई."

"त्यास्नी सांग, मेलेलं शिजवलं त्यानं. जित्तं फेकून दिलं."

"तिला म्हन, मिटलेलं जित्तं कसं? गोगलगाय जित्ती असली की भाईर येती."

बाई तांब्यातलं पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "वैनी, गावात मानूस मेलं की जबडा कोन बांदतो?"

"हेच की. ह्येंच्यासारकी गाठ कुनाला येती?"

"मग इचार त्यास्नी, का बांदतोस."

पेंढी बांधायची थांबली.

बाईंनी परातीत मिठाचं पाणी ओतलं आणि तिसऱ्या सोडल्या. शेजारची दोनचार माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली होती. थोड्या वेळाने एक तिसरी जराशी उघडली. बाईंनी भाताच्या काडीने तिला टोचलं. ती पटकन मिटली आणि काडी तिच्यात अडकली. बाईंनी काडी वर उचलली, तशी तिसरी लोंबकळत वर आली. कुंपणापाशी हसू फुटलं. मग त्यांनी पोत्यातून आ वासलेली एक उचलली, टिचकी मारली, काडी घातली. ती तशीच राहिली. "ही मेली," बाई म्हणाल्या, वर्गात बोलतात तशा. "हिच्या बिजागरीत चिवट बंध असतो, तो सारखा उघडाय बघतो. जीव हाय तवर ही जोर लावून मिटून बसती. जीव गेला की जोर गेला, दार उघडं." वैनींनी एक मिटलेली घेऊन नखांनी उघडायचा प्रयत्न केला. नख मोडलं, ती उघडली नाही.

तेव्हा अण्णा वळले. परातीकडे बघत राहिले. चेहरा असा पडला होता की मला वाटलं आता रागावणार.

"म्हंजे पारू," ते म्हणाले, "म्या व्हाळात टाकली ती जित्ती हुती?"

बाईंनी सवयीने वैनींकडे बघितलं, निरोप सांगायला. वैनी पदर तोंडाला लावून घाईघाईने घरात निघून गेल्या. मग बाईंना स्वतःच बोलावं लागलं.

"व्हय."

"समदी?"

"समदी."

"आगं, मग सांगायचं न्हाईस?"

"कसं सांगू? बोलत कुटं हुतास तू?"

"आनि तू बोलत हुतीस? येक चिट्टी टाकली असतीस तर हात मोडला असता?"

आणि मग जे भांडण सुरू झालं ते जेवणाची पानं वाढेपर्यंत. दिग्गी निघाली, बी.एड. निघालं, आईच्या आजारपणात कोण कधी आलं ते निघालं, कोणी लहानपणी कोणाची कुर्ली सोडली तेही निघालं. तोंडात मूग धरून बसलेली ही दोन माणसं एकमेकांना बोलू देईनात. वैनी चुलीपाशी भाकरी थापत होत्या आणि मधेच माझ्याकडे बघून हसत होत्या. "आयका," त्या हळूच म्हणाल्या, "घरात कसं भरल्यागत वाटतंय."

जेवताना मी वैनींना विचारलं की तुमच्या कुर्ल्यांच्या नांग्या अखंड कशा. "मोडू देत न्हाईत हे," वैनी म्हणाल्या. "म्हनत्यात, तिला पट्टी ओढाय लागती." अण्णा ताटात बघत राहिले. दुपारी सोप्यावर अण्णांचा डोळा लागला. बाईंनी ताटातली नांगी धुऊन घेतली होती. त्या वाकल्या, अण्णांच्या कानाची पाळी धरली आणि पट्टी ओढली. अण्णा ओरडत उठून बसले, बहिणीला बघितलं, आणि एक हात कानावर ठेवून लहान मुलासारखे हसायला लागले. मी बाहेर अंगणात गेले. सोप्यावर थांबणं मला जमलं नसतं.

बाई निवृत्त झाल्या आणि गुंदला राहायला गेल्या. निरोपाच्या भाषणात हेडमास्तर चांगलं बोलले, आणि बाई पोरांच्या कानात पुटपुटल्या, "बघा, पातळ." गाडीत बसताना मला एवढंच म्हणाल्या, "कुर्ल्या धाडत जाईन. बुट्टी रिकामी धाडू नगंस." तेव्हापासून शनिवारची बुट्टी माझ्या नावाने यायला लागली. गाठ अण्णांची, एक टोक ओढलं की सुटणारी. कधी कधी टेकाडावरून फोन येई आणि त्यात दोघांचं भांडण चालू असे. एक बोले आणि दुसरा मागून दुरुस्ती करी. मी बोलणं ऐकत बसे. मला काही विचारायचीही गरज नसे.

या वर्षी भादव्यात एका शनिवारी कंडक्टर मला थांब्यावरच झाडायला लागला. रामनगरच्या पुढे कुर्ल्या सुटल्या होत्या. सगळ्या बसने पाय वर घेतले होते, एका आजीने सीटवर उभं राहून प्रवास केला होता, आणि एक कुर्ली अजून ड्रायव्हरच्या सीटखाली आहे असं त्याचं म्हणणं होतं. मी हसत बुट्टी घेतली. तळाशी दोनच राहिल्या होत्या. एकीचं टोक ओढलं तर गाठ सुटायच्या ऐवजी आणखी आवळली. दुसरीही तशीच. माझं हसू थांबलं. मी थांब्याच्या कट्ट्यावर बसले.

बाईंचा फोन संध्याकाळी लागला. वारा होता.

"कुर्ल्या पोचल्या?"

"दोन," मी म्हटलं. "बाकीच्या बसमध्ये सुटल्या."

"म्हटलंच मी. मला त्याची गाठ येत न्हाई." वाऱ्याचा आवाज कमी झाला, त्यांनी पाठ फिरवली असावी. "अण्णा गेला गं मराठी. झोपेतच गेला. तरास झाला न्हाई."

मी बुट्टी मांडीवर घेतली.

"गावातली मानसं जमली," बाई म्हणाल्या. "म्हनाली, जबडा बांदाय पायजे, पन बांदायचा तर अण्णानंच. मग म्या बांदला. गाठ बसली न्हाई, जरा येळानं सुटली. परत बांदू म्हनाले. म्या म्हटलं, असू द्या उघडं. लई वर्सं मिटून हुतं."

टेकाडावरची रेंज गेली. मी घरी येऊन कात्रीने सोपटं कापली. बुट्टी घासून धुतली आणि सकाळच्या गाडीला जाऊन मासेवालीसमोर बसले. एकेक तिसरी टिचकी मारून बघितली, आणि मिटली तीच बुट्टीत घातली.